सॉफ्टवेअर परीक्षकाचे स्वातंत्र्य

संगणकासाठी लिहिलेली आज्ञावली अपेक्षेप्रमाणे चालते किंवा नाही, हे ती लिहिणाऱ्याहून निराळ्या व्यक्तीने तपासावे आणि त्या व्यक्तीस आपला निष्कर्ष, तो प्रतिकूल असला तरी, दडपणाविना नोंदविता यावा, या तत्त्वास सॉफ्टवेअर परीक्षकाचे स्वातंत्र्य असे म्हणतात. आज्ञावली लिहिणाऱ्यास व्यवहारात प्रोग्रॅमर व ती तपासणाऱ्यास टेस्टर ही नावे रूढ आहेत. प्रस्तुत नोंदीत त्यांना अनुक्रमे आज्ञावलीकार व परीक्षक असे म्हटले आहे. परीक्षकाच्या स्वातंत्र्याची हमी कशात आहे, याविषयीच्या कल्पना गेल्या सहा दशकांत बदलत गेल्या. प्रथम ती निराळ्या माणसात, नंतर निराळ्या विभागात आणि पुढे निराळ्या संस्थेत शोधण्यात आली. २००१ नंतर प्रसार पावलेल्या ॲजाइल (चपळ) कार्यपद्धतीने मात्र परीक्षकाला पुन्हा आज्ञावलीकाराच्या शेजारी आणून बसविले. त्यामुळे स्वातंत्र्य म्हणजे अंतर, की अंतर नसतानाही टिकू शकेल असा काही अधिकार, हा प्रश्न नव्याने उपस्थित झाला.

कारणमीमांसा : स्वतःच्या लेखनातील चुका लेखकाला सहसा दिसत नाहीत, हा अनुभव मुद्रितशोधनाच्या व्यवसायात फार जुना आहे. आज्ञावलीच्या बाबतीत त्याला दोन कारणे आहेत. पहिले कारण बौद्धिक होय. आज्ञावलीकाराने एखादी गरज चुकीची समजून घेतली असेल, तर आज्ञावली व तिची चाचणी या दोहोंत तोच गैरसमज उतरतो आणि चाचणी यशस्वी झाल्यासारखी दिसते. मानवी बुद्धीची या बाबतीतील प्रवृत्ती इंग्रज मानसशास्त्रज्ञ पीटर वेसन (१९२४–२००३) यांनी १९६० मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगातून स्पष्ट केली. २, ४, ६ हे तीन अंक ज्या नियमात बसतात तो नियम ओळखण्यास त्यांनी प्रयोगार्थींना सांगितले व पडताळ्यासाठी हवे तितके अंकांचे त्रिक सुचविण्याची मुभा दिली. नियम ‘चढत्या क्रमाचे कोणतेही तीन अंक’ एवढाच होता. तथापि बहुतेकांनी आपल्या मनातील पहिल्या तर्काला पुष्टी देणारीच त्रिके सुचविली. तो तर्क खोटा ठरू शकेल असे त्रिक फारच थोड्यांनी सुचविले. परीक्षकाचे काम नेमके याच्या उलट आहे. आज्ञावली चुकू शकेल अशी परिस्थिती त्याने शोधून काढावयाची असते.

दुसरे कारण हितसंबंधाचे होय. आज्ञावली ठरलेल्या दिवशी ग्राहकाच्या हाती पडावी, यात ती लिहिणाऱ्यांची प्रतिष्ठा, बढती आणि पुष्कळदा मोबदलाही गुंतलेला असतो. अशा स्थितीत ‘अजून तयार नाही’ असे सांगणे परीक्षकाला अवघड जाते, मग त्याची बुद्धी कितीही चौकस असो. पहिले कारण निराळा माणूस नेमल्याने बऱ्याच अंशी दूर होते. दुसरे केवळ तेवढ्याने दूर होत नाही. या दोन कारणांतील फरक लक्षात घेतल्याशिवाय पुढील इतिहासाचा अर्थ नीट लागत नाही.

प्रारंभ : पहिल्या इलेक्ट्रॉनिक संगणकांच्या काळात चाचणी हे स्वतंत्र काम मानले जात नसे. आज्ञावली लिहावी, चालवून पाहावी, चूक आढळल्यास दुरुस्त करावी, असा तो एकच व्यवहार होता. आज्ञावली चालते की नाही हे पाहणे आणि तिने मूळ प्रश्न सुटतो की नाही हे पाहणे, या दोन गोष्टी भिन्न आहेत, असा भेद चार्ल्स बेकर यांनी १९५७ मध्ये डॅनियल मॅक्‌क्रॅकन यांच्या संगणकविषयक ग्रंथाच्या परीक्षणात केला. दोषनिवारण व चाचणी यांतील भेदाचा हा आरंभीचा उल्लेख मानला जातो.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या (अ. सं. सं.) ‘मर्क्युरी’ या पहिल्या समानव अंतराळ प्रकल्पासाठी आयबीएम कंपनीने संगणकप्रणाली तयार केली. तेथील प्रमुखांपैकी एक जेराल्ड वाइनबर्ग (१९३३–२०१८) यांनी परीक्षकांचा स्वतंत्र गट उभारला होता. अशा प्रकारच्या पहिल्या गटांमध्ये त्याची गणना होते. माणसाचा जीव आज्ञावलीच्या अचूकपणावर अवलंबून असल्याने तो खर्च समर्थनीय ठरला. वाइनबर्ग यांनीच पुढे १९७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात आज्ञावलीकाराने आपल्या लेखनाविषयी अहंभाव बाळगू नये व ते सहकाऱ्यांपुढे निःसंकोच तपासण्यास ठेवावे, असे प्रतिपादन केले. स्वतंत्र गटाचा पुरस्कार आणि परस्परविश्वासाचा पुरस्कार हे पुढे परस्परविरोधी भासलेले दोन विचार अशा रीतीने एकाच व्यक्तीच्या कार्यात आढळतात.

तत्त्वाची मांडणी : मोठ्या आज्ञावलींच्या निर्मितीतील विलंब व दोष यांची चर्चा करण्यासाठी १९६८ मध्ये पश्चिम जर्मनीतील गार्मिश येथे ‘नाटो’च्या विज्ञान समितीच्या पुरस्काराने परिषद भरली. त्यानंतरच्या दशकात चाचणीचा शास्त्रीय विचार सुरू झाला. विन्स्टन रॉइस (१९२९–९५) यांनी १९७० मधील आपल्या निबंधात चाचणीचा पुष्कळसा भाग मूळ आराखड्यात सहभागी नसलेल्या तज्ञांकडे सोपवावा, असे सुचविले. हाच निबंध पुढे ‘धबधबा’ पद्धतीचा, म्हणजे एक टप्पा संपल्यावरच दुसरा हाती घेण्याच्या पद्धतीचा, आधार म्हणून ओळखला गेला. वास्तविक तशी सरळ एकमार्गी रचना धोक्याची आहे, असा इशारा रॉइस यांनी त्यातच दिला होता. फ्रेडरिक ब्रुक्स (१९३१–२०२२) यांनी १९७५ मध्ये मोठ्या प्रकल्पांच्या अनुभवावरून एक ठोकताळा मांडला : एकूण कालावधीपैकी एक-तृतीयांश आखणीला, एक-षष्ठांश लेखनाला आणि उरलेला निम्मा चाचणीला द्यावा. हार्लन मिल्स (१९१९–९६) यांच्या कल्पनेवरून त्यांनी वर्णिलेल्या दहा जणांच्या ‘शल्यक्रिया पथका’त एक परीक्षक होता. परीक्षकाला गटाच्या आत स्थान देण्याची कल्पना ॲजाइल पद्धतीपूर्वी पाव शतक अस्तित्वात होती, हे यावरून दिसते.

ग्लेनफर्ड मायर्स यांनी १९७९ मध्ये या विषयाला तत्त्वाचे रूप दिले. चाचणीचा हेतू आज्ञावली बरोबर आहे हे दाखविणे हा नसून तिच्यातील चुका शोधणे हा आहे, अशी व्याख्या त्यांनी केली. आज्ञावलीकाराने स्वतःच्या आज्ञावलीची चाचणी घेण्याचे टाळावे आणि आज्ञावली तयार करणाऱ्या संस्थेनेही ते टाळावे, असे दोन नियम त्यांनी सांगितले. मिल्स यांनी १९८० च्या दशकात आयबीएममध्ये विकसित केलेल्या ‘क्लीनरूम’ पद्धतीत हा विचार टोकाला गेला. तीत आज्ञावली लिहिणाऱ्यांना ती चालवून पाहण्याचीही परवानगी नसे. त्यांनी तार्किक पद्धतीने तिचा अचूकपणा सिद्ध करावयाचा आणि स्वतंत्र प्रमाणन गटाने सांख्यिकीय चाचण्या घ्यावयाच्या, अशी विभागणी होती.

विद्युत् व इलेक्ट्रॉनिकी अभियंत्यांच्या ‘आयईईई’ या संस्थेने पडताळणीविषयीचे १०१२ क्रमांकाचे मानक १९८६ मध्ये प्रसिद्ध केले. त्याच्या १९९८ च्या आवृत्तीत स्वातंत्र्याचे तीन घटक सांगितले आहेत. तपासणाऱ्याने प्रश्नाचे आकलन निर्मात्यांवर न विसंबता स्वतः करून घेणे, हे तांत्रिक स्वातंत्र्य. काय तपासावे व कसे तपासावे हे त्याने स्वतः ठरविणे आणि निर्मात्यांच्या संमतीवाचून निष्कर्ष वरिष्ठांपुढे ठेवता येणे, हे व्यवस्थापकीय स्वातंत्र्य. तपासणीच्या खर्चाची तरतूद निर्मात्यांच्या हाती नसणे, हे आर्थिक स्वातंत्र्य. गटाच्या आत राहून केलेल्या तपासणीचाही एक प्रकार या मानकाने नमूद केला. मात्र तीत स्वातंत्र्याची पूर्ण हमी नसते, हेही स्पष्ट केले.

अपघातांतून मिळालेले धडे : या तत्त्वाला बळकटी आली ती मुख्यतः दुर्घटनांमुळे. ‘थेरॅक-२५’ या कॅनडात तयार झालेल्या प्रारणोपचार यंत्रामुळे १९८५–८७ या काळात सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर प्रारण मिळाले. त्यांपैकी काही मृत्यू पावले. पूर्वीच्या यंत्रांतील यांत्रिक सुरक्षासाधनांचे काम या यंत्रात आज्ञावलीकडे सोपविलेले होते. नॅन्सी लेव्हसन व क्लार्क टर्नर यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चिकित्सेनुसार ती आज्ञावली एकाच व्यक्तीने तयार केलेली होती आणि तिचे स्वतंत्र परीक्षण झालेले नव्हते.

२८ जानेवारी १९८६ रोजी ‘चॅलेंजर’ या अंतराळयानाचा स्फोट होऊन सात अंतराळवीर मृत्युमुखी पडले. या अपघाताचे कारण आज्ञावलीत नव्हते. तथापि चौकशी आयोगाचे सदस्य व नोबेल पारितोषिकविजेते भौतिकीविज्ञ रिचर्ड फाइनमन (१९१८–८८) यांनी आपल्या परिशिष्टात यानावरील संगणकप्रणालीचाही आढावा घेतला. प्रणाली लिहिणाऱ्या गटाहून वेगळा, त्या गटाकडे प्रतिपक्षाच्या दृष्टीने पाहणारा आणि जणू आपण ग्राहकच आहोत अशा वृत्तीने तपासणी करणारा दुसरा गट तेथे होता. संपूर्ण प्रकल्पात दर्जा राखणारी व्यवस्था म्हणून फाइनमन यांनी तिची प्रशंसा केली. यानाची इतकी उड्डाणे झाल्यावर एवढ्या खर्चिक चाचण्यांची आवश्यकता नाही, असे सूर व्यवस्थापनात उमटू लागले आहेत, हेही त्यांनी नोंदविले व त्या प्रवृत्तीस विरोध केला पाहिजे असे बजावले. दोष आढळत नाहीत म्हणून तपासणी कमी करावी, हा युक्तिवाद तपासणीच्या यशालाच तिच्याविरुद्धचा पुरावा ठरवितो. परीक्षणाच्या इतिहासात तो वारंवार आढळतो. या अपघातानंतरच्या शिफारशींतून अ. सं. सं.च्या ‘नासा’ या अंतराळ संस्थेने १९९३ मध्ये पश्चिम व्हर्जिनिया राज्यातील फेअरमाँट येथे स्वतंत्र पडताळणी केंद्र स्थापन केले. २०१९ मध्ये त्याला गणितज्ञ कॅथरीन जॉन्सन यांचे नाव देण्यात आले.

४ जून १९९६ रोजी ‘एरियान-५’ हे यूरोपीय अग्निबाण पहिल्याच उड्डाणात सुमारे ४० सेकंदांत नष्ट झाले. ‘एरियान-४’साठी लिहिलेला आज्ञावलीचा एक भाग त्यात तसाच वापरला होता. नव्या अग्निबाणाचा वेग निराळा असल्याने एक संख्या तिच्यासाठी राखलेल्या जागेत मावली नाही व दिशादर्शक यंत्रणा बंद पडली. नव्या उड्डाणमार्गाच्या परिस्थितीत त्या यंत्रणेची चाचणी घेतलेली नव्हती, असे चौकशीत आढळले. जुने गृहीतक परकेपणाने तपासणारा कोणी नसला म्हणजे काय होते, याचे हे उदाहरण होय.

विभक्ततेच्या मर्यादा : विमाने, अंतराळयाने व वैद्यकीय उपकरणे यांच्यापुरती ही विभागणी उचित ठरली. सामान्य व्यापारी सॉफ्टवेअरनिर्मितीत मात्र तिचे दोष लवकरच दिसू लागले. परीक्षकांचा विभाग वेगळा, बहुधा वेगळ्या इमारतीत असे. आज्ञावली पूर्ण झाल्यावरच ती त्यांच्याकडे येई. लेखनास उशीर झाला, की वितरणाची तारीख न बदलता चाचणीचे दिवस कमी केले जात. दोष सापडला तरी तो ज्याने केला तो आज्ञावलीकार तोवर दुसऱ्या कामात गुंतलेला असे. सांगितलेला दोष हा दोषच नव्हे, अशा वादांत पत्रव्यवहार वाढे. एलिझाबेथ हेन्ड्रिक्सन यांनी २००० च्या सुमारास आणखी एका परिणामाकडे लक्ष वेधले. पाठीमागे सक्षम परीक्षण विभाग आहे या भरवशावर आज्ञावलीकार स्वतः तपासणे कमी करतात आणि त्यामुळे परीक्षण सुधारूनही दर्जा घसरू शकतो, असा त्यांच्या लेखाचा आशय होता. मायक्रोसॉफ्ट कंपनीत १९९० च्या दशकात दर आज्ञावलीकारामागे साधारणतः एक परीक्षक असे आणि तो त्याच्या जोडीने काम करीत असे. पूर्ण विभक्ततेहून हा मार्ग निराळा होता. पुढे २०१४ च्या सुमारास त्या कंपनीने अनेक विभागांत ही दोन पदे एकत्र केली.

वेगळेपणाने चुकाही वेगळ्या होतात, हे गृहीतकही तपासावे लागले. जॉन नाइट व लेव्हसन यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात व्हर्जिनिया व कॅलिफोर्निया येथील दोन विद्यापीठांतील विद्यार्थ्यांनी एकाच तपशीलपत्रकावरून, एकमेकांशी न बोलता, २७ आज्ञावली लिहिल्या. प्रत्येकीवर १० लक्ष चाचण्या घेण्यात आल्या. योगायोगाने घडावे त्याहून कितीतरी अधिक वेळा निरनिराळ्या आज्ञावली एकाच ठिकाणी चुकल्या. प्रश्नाचा कठीण भाग सर्वांनाच कठीण असतो, असा याचा अर्थ. प्रयोग आज्ञावलीकारांविषयी असला, तरी परीक्षकांनाही तो लागू पडतो. ज्या कागदावरून आज्ञावली लिहिली त्याच कागदावरून दूरच्या परीक्षकाने चाचण्या रचल्या, तर कागदातील चूक दोघांच्याही नजरेतून निसटते.

ॲजाइल पद्धतीचा उदय : क्रायस्लर या मोटारकंपनीच्या वेतनपत्रक प्रकल्पात केंट बेक यांनी १९९६ पासून ‘एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग’ ही पद्धती आकारास आणली. तीत आज्ञावलीकार आधी चाचणी व मग आज्ञावली लिहितो. संपूर्ण प्रणालीने काय करावे हे ठरविणाऱ्या चाचण्या ग्राहक सांगतो आणि परीक्षक त्याला त्या मांडण्यास साहाय्य करतो. परीक्षक हा आज्ञावलीकारांचा पाणउतारा करणारा प्रतिपक्ष नव्हे, अशी बेक यांची भूमिका होती. सुमारे त्याच काळात जेफ सदरलंड व केन श्वाबर यांनी ‘स्क्रम’ ही पद्धती मांडली. तीत एका महिन्याहून अधिक नसलेल्या आवर्तनाला स्प्रिंट म्हणतात व प्रत्येक स्प्रिंटअखेर वापरण्यायोग्य आज्ञावली तयार व्हावी अशी अपेक्षा असते. फेब्रुवारी २००१ मध्ये अ. सं. सं.च्या यूटा राज्यातील स्नोबर्ड येथे १७ तज्ञांनी एकत्र येऊन ॲजाइल जाहीरनामा प्रसिद्ध केला. चाचणीविषयक लेखनाबद्दल ख्यातनाम असलेले ब्रायन मॅरिक त्यांत होते. तथापि जाहीरनाम्याच्या चार मूल्यांत व बारा तत्त्वांत चाचणीचा किंवा परीक्षकाचा वेगळा उल्लेख नाही.

हा अनुल्लेख अर्थपूर्ण होता. दर्जाची जबाबदारी संपूर्ण गटाची असून ती कोणा एकाकडे सोपविता येत नाही, असा त्यामागील विचार होय. स्क्रमच्या २०११ च्या मार्गदर्शिकेने गटातील सर्वांना ‘डेव्हलपर’ हे एकच नाव दिले व चाचणीसारख्या कामासाठी गटात पोटगट असू नये असे स्पष्ट म्हटले. लिसा क्रिस्पिन व जॅनेट ग्रेगरी यांनी २००९ च्या आपल्या ग्रंथात अशा गटातील परीक्षकाच्या कामाचे सविस्तर वर्णन केले. गरजांची चर्चा चालू असतानाच प्रश्न विचारणे, अपेक्षित वर्तनाची उदाहरणे मिळविणे, वारंवार करावयाच्या चाचण्या यंत्राकडे सोपविणे आणि मोकळ्या राहिलेल्या वेळात आज्ञावलीचा शोधक वृत्तीने धांडोळा घेणे, ही ती कामे होत. या शेवटच्या प्रकारास ‘एक्स्प्लोरेटरी टेस्टिंग’ हे नाव सेम केनर यांनी १९८० च्या दशकात दिले होते.

नवा पेच : या बदलाचे लाभ खरे होते. महिन्यांनी कळणारा दोष तासांत कळू लागला आणि गैरसमज कागदावर उतरण्यापूर्वीच दूर होऊ लागले. आयईईईच्या मानकातील तीन घटकांच्या संदर्भात पाहिल्यास परीक्षकाचे आकलन अधिक सखोल झाले, कारण चर्चेत तो प्रथमपासून उपस्थित असतो. मात्र व्यवस्थापकीय व आर्थिक या दोन घटकांची पूर्वीची हमी गेली. परीक्षक आता त्याच गटाच्या वेळापत्रकाने बांधलेला, त्याच गटाच्या यशावर जोखला जाणारा आणि त्याच खर्चातून पोसलेला असतो.

याचा परिणाम स्प्रिंटच्या अखेरच्या दिवशी दिसतो. सायंकाळी काम ग्राहकाला दाखवावयाचे असते. दुपारी परीक्षकाला एक दोष आढळतो. तो क्वचितच घडणारा आहे, पुढील स्प्रिंटमध्ये पाहू, असे सहकारी म्हणतात. हे सहकारी दोन आठवडे त्याच्या शेजारी बसलेले, त्याच्या अडचणीत धावून आलेले असतात. त्याच्यावर कोणी सक्ती करीत नाही. तरीही तो गप्प बसण्याची शक्यता असते. गटातील ऐक्य टिकविण्याच्या ओढीने विवेचक बुद्धी मंदावते, या प्रवृत्तीचे विवेचन अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अर्व्हिंग जॅनिस (१९१८–९०) यांनी १९७२ मध्ये शासकीय निर्णयांच्या संदर्भात केले होते. जुन्या पद्धतीत परीक्षकाचा आवाज भिंतीमुळे ऐकू येत नसे. नव्या पद्धतीत तो स्नेहामुळे उमटतच नाही, असा हा पेच आहे. भरीस भर म्हणून, ‘जबाबदारी सर्वांची’ या सूत्राचा काटकसरीसाठी सोयीस्कर अर्थ लावून अनेक संस्थांनी परीक्षकाचे पदच रद्द केले. सूत्र मांडणाऱ्यांनी चाचणीचे काम कमी करण्यास सांगितले नव्हते.

योजलेले उपाय : या पेचावर निरनिराळ्या क्षेत्रांत निरनिराळे उपाय योजण्यात आले. गूगल कंपनीतील पद्धतीचे जे वर्णन जेम्स व्हिटेकर व इतरांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केले, त्यानुसार परीक्षक प्रत्यक्ष निर्मितीगटात बसून काम करीत. त्यांची नेमणूक व मूल्यमापन मात्र चाचणीच्या मध्यवर्ती विभागाकडे असे. बसण्याची जागा गटात आणि उत्तरदायित्व गटाबाहेर, अशी ही विभागणी होय. स्कॉट ॲम्बलर यांनी गटाच्या आतील चाचणीला जोड म्हणून बाहेरील छोट्या गटाने समांतर स्वतंत्र चाचणी घ्यावी, असे सुचविले. अनेक गटांच्या आज्ञावली एकत्र जोडल्यावर होणारे दोष, सुरक्षिततेतील त्रुटी व अतिभाराखालील वर्तन हे गटाला आतून सहसा दिसत नसल्याने अशा पाहणीचा उपयोग होतो.

विमानातील आज्ञावलींविषयीच्या ‘डीओ-१७८सी’ (२०११) या मानकात स्वातंत्र्य धोक्याच्या प्रमाणात मागितले आहे. बिघाड झाल्यास विमान कोसळू शकेल अशा ‘अ’ वर्गातील आज्ञावलींना ७१ उद्दिष्टे लागू होतात; त्यांपैकी ३० स्वतंत्रपणे साध्य करावी लागतात. ‘ड’ वर्गात २६ पैकी केवळ २ उद्दिष्टांना स्वातंत्र्याची अट आहे. विशेष म्हणजे पडताळणीसाठी या मानकात निराळी संस्था आवश्यक नाही. तो भाग ज्याने तयार केला त्याच्याहून निराळी व्यक्ती आणि तशी लेखी नोंद पुरेशी होते. एडिंबरो येथे २००२ मध्ये स्थापन झालेल्या ‘आयएसटीक्यूबी’ या आंतरराष्ट्रीय पात्रता मंडळाच्या २०२३ च्या अभ्यासक्रमातही स्वातंत्र्याच्या पायऱ्या सांगितल्या आहेत : लेखकाने स्वतः तपासणे, गटातील सहकाऱ्याने तपासणे, त्याच संस्थेतील गटाबाहेरील परीक्षकाने तपासणे आणि संस्थेबाहेरील परीक्षकाने तपासणे. सर्वांत वरची पायरी नेहमीच श्रेष्ठ, असे तो मानीत नाही. निरनिराळ्या पायऱ्यांवरील तपासण्यांची सांगड घालावी, असे सुचवितो.

भारत : केंद्र शासनाच्या तत्कालीन इलेक्ट्रॉनिकी विभागाने १९८० मध्ये मानकीकरण, चाचणी व गुणवत्ता प्रमाणन (एसटीक्यूसी) ही यंत्रणा उभारली. मुंबईसह अनेक शहरांत तिच्या प्रयोगशाळा आहेत. शासकीय संगणकप्रणाली व इलेक्ट्रॉनिक मतदानयंत्रे यांची त्रयस्थ तपासणी ती करते. पुणे येथील टाटा संशोधन, विकास व अभिकल्प केंद्रात (स्थापना १९८१) आज्ञावलीतील दोष यंत्राच्या साहाय्याने शोधण्याच्या साधनांवर संशोधन झाले.

इ. स. २००० च्या संक्रमणाच्या वेळी जुन्या आज्ञावलींतील वर्षाचे दोन अंकी लेखन तपासण्याचे मोठे काम भारतीय कंपन्यांकडे आले. त्यानंतर स्वतंत्र चाचणी हा निर्यातीचा व्यवसाय बनला. पुणे, मुंबई, बंगळुरू, हैदराबाद व चेन्नई येथील असंख्य तरुणांना संगणकक्षेत्रात पहिला प्रवेश परीक्षक म्हणून मिळाला. आज्ञावली एका देशात लिहावयाची व तिची चाचणी दुसऱ्या देशात घ्यावयाची, अशी ही रचना होती. तीत अंतर भरपूर होते, पण अधिकार अल्प होता. न्यूयॉर्क व पुणे यांच्या घड्याळांत ऋतुमानानुसार साडेनऊ ते साडेदहा तासांचे अंतर पडते. ॲजाइल गटाची सकाळची छोटी बैठक पुण्यातील परीक्षकाच्या वाट्याला सायंकाळी येते. निर्णय पुष्कळदा त्याच्या अनुपस्थितीत होतात आणि आज्ञावली पुढे पाठवू नये असे सांगण्याचा अधिकार ग्राहकाकडेच राहतो. केवळ दूर असण्याने स्वातंत्र्य मिळत नाही, हे या अनुभवाने दाखवून दिले.

मूल्यमापन : परीक्षकाच्या स्वातंत्र्याचा इतिहास हा भिंत बांधण्याचा व ती पाडण्याचा इतिहास म्हणून सांगितला जातो. वस्तुतः भिंत हे साधन होते. प्रतिकूल निष्कर्ष नोंदविला जावा, तो निर्णय घेणाऱ्यापर्यंत जसाच्या तसा पोहोचावा आणि तो नोंदविणाऱ्याचे त्यामुळे नुकसान होऊ नये, हे साध्य होते. ॲजाइल पद्धतीने भिंत पाडून ज्ञानाची देवघेव सुकर केली, हे तिचे श्रेय निर्विवाद आहे. परंतु भिंतीबरोबर जे संरक्षण गेले त्याची दुसऱ्या मार्गाने भरपाई करण्याचे काम तिने बव्हंशी गटाच्या सद्‌भावनेवर सोपविले. जेथे चुकीची किंमत एखाद्या गैरसोयीपुरती आहे तेथे एवढे पुरेसे ठरते. जेथे ती रुग्णाच्या प्राणाने किंवा सामान्य माणसाच्या ठेवीने मोजावी लागते तेथे निष्कर्षाची लेखी नोंद, गटाबाहेरील उत्तरदायित्व व स्वतंत्र खर्चाची तरतूद यांची आवश्यकता आजही आहे.

अलीकडे, विशेषतः २०२१ नंतर, कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित साधने आज्ञावली व तिच्या चाचण्या अशा दोन्ही गोष्टी लिहून देऊ लागली आहेत. एकाच साधनाने दोन्ही लिहिल्यास आज्ञावलीतील गैरसमज चाचणीतही उतरण्याचा जुना धोका पुन्हा उद्भवतो. आज्ञावली माणसाने लिहिलेली असो वा यंत्राने, तिच्याकडे परक्या नजरेने पाहणारा आणि दिसलेले निर्भयपणे सांगू शकणारा कोणी असावा लागतो, ही या तत्त्वामागील मूळ गरज कायम आहे.